ब्रेक लागला

—नाही नाही, तिथे नका उभे राहू साहेब, तिथून तुम्ही सरळ दिसता. हा पिवळाजर्द कोट घालून रस्त्याच्या कडेला उभे राहिलात की वरच्या पुलावरून दिसता, आणि दिसलात की प्रत्येकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो — मग तुमचं यंत्र दाखवणार चाळीस, बेचाळीस, फार तर पंचेचाळीस, आणि तुम्ही कागदावर लिहिणार की इथे सगळे शहाण्यासारखे गाड्या चालवतात. मागच्या वेळी असंच झालं की! मागच्या वेळी तुमच्या खात्याचे जे आले होते ना, जाडसर, चष्मेवाले, ते तर मोठी छत्री उघडून, खुर्ची टाकून, डबा मांडीवर घेऊन बसले होते, लग्नाला आल्यासारखे. दोन तास बसले. आणि महिन्याभरानं पत्र आलं — पाठ आहे मला — 'सदर ठिकाणी वाहनांचा वेग मर्यादेत आढळून आल्याने वेगमर्यादा कमी करण्याची आवश्यकता दिसून येत नाही.' अहो, सदर ठिकाणी आढळले होते ते तुमचे साहेब, छत्रीसकट, म्हणून वेग मर्यादेत होता! या, आत या, फाटक ढकला, जोरात ढकला, अडतं ते. यंत्र इथे भिंतीआड लावा, या दोन कुंड्यांच्या मधून रस्ता नीट दिसतो. कुंडी सरकवते मी — नको, तुम्हीच सरकवा, माझ्या या उजव्या मनगटाला आता वजन झेपत नाही. हां, बस. आणि तो कोट काढून ठेवा हो घटकाभर, कोण बघतंय तुम्हाला इथे?

थांबा — ही ऐका. बघू नका, नुसती ऐका. बासष्ट. किती दाखवलं? एकसष्ट? बघा! एकाचा फरक, तोही तुमच्या यंत्राचाच असेल. सव्वीस वर्षं गाडी शिकवलीय साहेब, गंमत नाही. या भागात चाळिशीच्या आतली जी जी बाई गाडी चालवते ना, तिचा पहिला गिअर माझ्या हाताखाली पडलाय. पुरुषही यायचे, पण ते गुपचूप, बाईकडून शिकलो असं घरी सांगायचे नाहीत. तो बघा, तिकडे, छपराखाली कापड घालून ठेवलाय तो सांगाडा — ती माझी गाडी. वर तो लाल 'एल' अजून तसाच आहे. विकली नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला, मी म्हटलं राहू दे. कशासाठी राहू दे ते मला विचारू नका.

हो, बसते, बसते. मला बसवत नाही हो एका जागी, सहा महिने झाले असंच आहे, सून म्हणते आई तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. तर मी काय सांगत होते — हा रस्ता. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला मी काय सांगणार, पण तुम्ही तो नकाशावर बघता आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. वर हायवे, सरळसोट, मोकळा. माणूस तासभर शंभर-एकशेदहानं येतो. तासभर शंभरनं आलं ना की डोळे फसतात — साठवर आणलं तरी वाटतं आपण रांगतोय, उतरून चालत गेलो तर लवकर पोचू. मग तो हायवे सोडून या उतारावर येतो, समोर साठचा बोर्ड, त्याला वाटतं चला, सरकारनंच सांगितलंय. आणि वळण सुरुवातीला कसं आहे? ऐसपैस. काही भीती वाटत नाही. आणि मग त्या विजेच्या खांबापासून पुढे ते एकदम आत वळतं, कुणी गळा आवळावा तसं. तिथे साठ म्हणजे — तिथे साठ जमतच नाही. कोरड्या रस्त्यावर, नव्या टायरवर, हात बसलेला असेल तर जमतं, मान्य. पण बोर्ड काय फक्त हात बसलेल्यांसाठी लावतात का? चार वर्षांत अकरा गाड्या गेल्या इथे. अकरा मी मोजलेल्या, तुमच्याकडे सात आहेत, कारण चार जणांनी पोलिसांना न सांगताच गाड्या ओढून नेल्या. समोरच्या रोपवाटिकावाल्यानं भिंत तीनदा बांधली, चौथ्यांदा बांधलीच नाही, आता नुसती टायरं रचून ठेवलीत. आणि तो वायरमन — मोटारसायकलवरचा. तो उठलाच नाही. मी चादर घेऊन धावले होते. रोजचा येणारा माणूस, रोज इथून घरी जायचा. म्हणजे रस्ता माहीत नव्हता असंही म्हणता येत नाही.

चाळीस करा म्हणजे झालं, इतकंच मागतोय आम्ही. उतार सुरू होतो तिथेच, वरती, चाळीसचा बोर्ड, आणि रस्त्यावर ते आडवे पट्टे, टायरखाली दडदड वाजतात ना, ते. गाडी दडदडली की माणूस जागा होतो. त्यासाठी चारशे बारा सह्या गोळा केल्या मी. दारोदार फिरले. लोक काय म्हणाले माहितीय? 'बाई, तुम्हीच शिकवलंत आम्हाला, आता तुम्हीच म्हणता हळू चालवा?' हसून म्हणायचे हो, पण मला ते — असो. पहिली सही सुनेची. पायाला प्लास्टर होतं तेव्हा तिच्या. पलंगावर उशीला टेकून, कागद पाटीवर ठेवून तिनं सही केली आणि म्हणाली, 'आई, माझ्या नावापुढे कंसात लिहू का, चूक माझी होती म्हणून?' मी म्हटलं कंस बिंस काही नको.

हो, तीच. पायाला लागलेली ती. तुमच्या सातातली शेवटची. माझी सून. तुमच्या कागदात 'शिकाऊ चालक, महिला, वय एकोणतीस' असं असेल बघा. आहे ना? मला माहीत होतं. साहेब, आता तुम्ही नीट ऐका, कारण सगळ्या अर्जात मी हेच लिहिलंय आणि कुणी वाचलेलं नाही: ती अठ्ठावन्ननं येत होती. साठचा बोर्ड, आणि पोरगी अठ्ठावन्ननं. इतर दहा जणांचं तुम्ही म्हणाल, कुणी प्यायलेला, कुणी फोनवर, कुणी माजलेला. पण जिनं तुमचा बोर्ड वाचला, मानला, वर दोन कमीच ठेवले, ती पण जर भिंतीत जात असेल तर मग चूक बोर्डाची आहे की नाही? सांगा ना! — पंचावन्न, ही पंचावन्न. — नाही, तुम्ही लिहा, लिहा.

इतकी नेटकी मुलगी साहेब. परिचारिका आहे. म्हणजे होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघायचं, ड्रेसिंग, इंजेक्शन, असं कायमचं काम मिळणार होतं तिला, पण लायसन्स हवं, आरोग्य खात्याची गाडी स्वतः चालवायची. मुलगा माझा जहाजावर, सहा-सहा महिने घरी नाही, त्यानं फोनवर सांगितलं, 'आईइतकं चांगलं कोण शिकवणार तुला?' झालं. सासू-सून एका गाडीत! आमच्या गल्लीत लोक फाटकाशी येऊन बघायचे, आता भांडतील, मग भांडतील. एकदाही भांडलो नाही. मी शिकवायला फार कडक आहे, विचारा कुणालाही, चुकलं की गुडघ्यावर टिचकी मारते. हिला एकदाही मारावी लागली नाही. आरसा म्हटलं की आरसा, क्लच म्हटलं की क्लच. फक्त एकच खोड, हळू चालवायची. वळण दिसलं की पाय उचलायचीच. आणि मी — आता परीक्षेचं तंत्र असतं हो, परीक्षक असतात ना, ते हळू चालवणाऱ्याचे गुण कापतात. आत्मविश्वास नाही असं लिहितात. माझे दोन विद्यार्थी त्याच्यावर नापास झाले त्या वर्षी, आणि माझ्याकडची माणसं कधी नापास होत नाहीत, असं नाव होतं माझं. म्हणून मी हिला म्हणायचे, बोर्डावर साठ आहे ना, मग साठ. बोर्डावर विश्वास ठेव. बोर्ड लावणारे वेडे नाहीत.

मी स्वतः? मी स्वतः इथून किती वेगानं उतरायचे? हा काय प्रश्न झाला. माझं काय, मी इथे राहते, मला वळण पाठ — चाळीस. बरं? चाळीसनं उतरायचे. अडतीस, चाळीस. सव्वीस वर्षांत एकदाही मी इथे पंचेचाळीस ओलांडले नाहीत. आता बघू नका असे माझ्याकडे. सगळ्याच शिकवणाऱ्यांचं असं असतं, आपण एक करतो आणि शिकवायचं ते पुस्तकातलं शिकवतो. तुम्हीही नियमातलं लिहिता आणि घरी जाताना काय करता ते मी विचारलं का?

हो, मग शेजारी मीच होते. दुसरं कोण असणार? शिकाऊ माणूस एकटा गाडी चालवतो का? मघाशी सांगितलं नाही का मी? वाटलं सांगितलं. हे मनगट काय अंगणात पडून मोडलं का मग! ती परीक्षेच्या चार दिवस आधीची गोष्ट, सकाळचे साडेदहा वाजले होते, उजेड चांगला. पहाटे शिंतोडे पडून गेलेले, रस्ता काळपट ओलसर, पण पाणी असं नव्हतं. हायवेवर छान चालवली तिनं. गाणं गुणगुणत होती. म्हणजे बघा, किती निवांत झाली असेल. हायवे सोडला, उताराला लागलो, बोर्ड आला, मी म्हटलं, 'काय लिहिलंय?' ती म्हणाली, 'साठ.' मी म्हटलं, 'मग?' आणि तिनं काटा अठ्ठावन्नवर धरून ठेवला, एका रेषेत. पाय उचलला नाही. माझ्याकडे बघून हसली पण जराशी, बघा आई, नाही उचलला. आणि विजेचा खांब आला, आणि — मग ब्रेक लागला. गाडीचा मागचा भाग फिरला. अर्धी गिरकी घेऊन आम्ही तिच्या बाजूनं भिंतीत.

काय म्हणालात? पोलिसांनी काय लिहिलंय? वाचा ना मोठ्यानं, मी कधी पाहिला नाही तो कागद. 'शिकाऊ चालकाने वळणावर घाबरून अचानक ब्रेक दाबल्यामुळे.' हं. घाबरून. ती घाबरली नव्हती हो, ती हसत होती, आत्ताच सांगितलं ना तुम्हाला. ही हवालदारांची भाषा. ते आले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसले होते, हात असा मांडीवर घेऊन, तिला गाडीतून काढणं चालू होतं. ते म्हणाले, 'बाई, नेमकं काय झालं?' मी म्हटलं, 'ब्रेक लागला.' बस, एवढंच म्हटलं मी. खोटं बोलले का? नाही ना? लागला. त्यांनी 'दाबला' लिहिलं. त्यांनी 'चालकाने' लिहिलं. मी नाही. मी फक्त लागला म्हटलं, जसा पाऊस लागतो, ठेच लागते.

—चहा घेणार? नको? मग पाणी? उन्हात बसलाय तुम्ही. मी जाऊन — नको म्हणता, बरं. या आत्ताच्या गाडीचे किती, बघितले का? मी नाही ऐकली ही. मी नाही ऐकली, पहिल्यांदाच असं झालं.

तुम्ही गाडी शिकलात ती शिकवणीच्या गाडीतच ना? मग तुम्हाला माहीत असेल. म्हणून बघत होतात मघापासून तिकडे, त्या कापडाकडे. हो. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. दोन्ही ब्रेक आतून जोडलेले असतात, मी माझा दाबला की तिचाही खाली जातो, आपोआप, तिच्या पायाखालून. त्यामुळे शिकणाऱ्याला कळतच नाही पुष्कळदा, की आपण दाबला की शेजारच्यानं. चांगला शिकवणारा कळू देत नाही. ती माझी खुबी होती साहेब. मी इतका हलका दाबायचे की माणसाला वाटायचं, वा, आपल्याला किती छान जमतंय. कितीजणींना तसं वाटलं असेल.

त्या दिवशी हलका नाही दाबला. खांब आला आणि माझ्या पायाला चाळीस माहीत होते. तोंडानं मी साठ म्हणत होते आणि पायाला चाळीस माहीत होते, सव्वीस वर्षांचे. पायानं मला विचारलं नाही. ऐन वळणात, ओल्या रस्त्यावर, सगळा दाबला, जे करू नका म्हणून मी पहिल्या दिवशी पहिल्या तासाला सांगते. कुठलाही शिकाऊ करणार नाही असं. मी तिचं हसू मावळताना बघितलं. तिला नाही कळलं काय झालं ते. अजून नाही कळलेलं.

थांबा, बोलू नका. आता मधे बोलू नका. सगळ्यात वाईट काय आहे ते अजून सांगितलं नाही. ती दवाखान्यात शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य काय म्हणाली? 'आई, तुमचा हात.' स्वतःचा गुडघा तीन ठिकाणी मोडलेला, आणि माझा हात! मग म्हणाली, 'मला आठवतंय, पायाखालचा ब्रेक एकदम खाली गेला. माझाच पाय पडला असणार. मी असं कसं केलं हो आई.' मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डावा. आणि म्हटलं, 'होतं असं.' होतं असं! आणि मुलाचा फोन आला तिकडून, रडत होता एवढा बाप्या, म्हणाला, 'आई, तू शेजारी होतीस म्हणून वाचली ती.' सगळे तेच म्हणतात. रोपवाटिकावाला म्हणतो, शेजारीपाजारी म्हणतात, बाई शेजारी होत्या म्हणून निभावलं. मी मान डोलावते. तुम्ही मान डोलावणारी माणसं बघितली असतील, ती अशी असतात.

आणि ती माझी सेवा करते हो. गुडघा वाकत नाही नीट, काठी धरून चालते, ती नोकरी तर गेलीच, आता आयुष्यात गाडीला हात लावणार नाही म्हणते, आणि माझ्या मनगटाला रोज सकाळी शेक देते. रोज. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून आणते, शेक देते, बोटं एकेक करून वाकवून बघते, नर्सच ती, आणि मधेच म्हणते, 'माझ्यामुळे झालं हे.' रोज नाही म्हणत. पण आठवड्यातून दोनदा. आणि मी म्हणते, 'जाऊ दे गं.' म्हणजे मी तिला क्षमा करते, साहेब. आठवड्यातून दोनदा.

का नाही सांगितलं? सांगते की. कारण विचार करून ठेवलंय मी, पक्कं कारण आहे: हा बोर्ड. मी जर म्हटलं की ब्रेक मी दाबला, तर तुमचं खातं काय म्हणणार? शिकवणाऱ्या बाईची चूक, रस्त्याचा काही दोष नाही, फाइल बंद. मग चाळीसचा बोर्ड कधीच लागणार नाही, आणि इथे बारावी गाडी जाणार, तेरावी जाणार, आणि त्यात कुणाचं तरी — म्हणून मूग गिळून बसले. सगळ्यांच्या भल्यासाठी. एका मुलीला थोडा गैरसमज झाला तर झाला, पण रस्ता तरी सुधारेल. खरं सांगा, बरोबर आहे ना हा हिशेब? तुमच्या खात्यानं तेच म्हटलं असतं ना?

काय?

परत म्हणा.

म्हणजे कुणी दाबला त्यानं तुमच्या कागदात काही फरक पडत नाही? अजिबात? ... अच्छा. अच्छा, थांबा, मला माझ्या भाषेत घेऊ द्या. माणसं चुकणारच, शिकाऊही चुकणार आणि सव्वीस वर्षंवालीही चुकणार, आणि रस्ता असा पाहिजे की त्यानं ती चूक पोटात घातली पाहिजे. चाळीसनं आलो असतो आम्ही आणि मी तसाच कचकन ब्रेक दाबला असता, तर गाडी जागच्या जागी थांबली असती, फार तर ती मला म्हणाली असती, 'आई, काय हो हे.' एवढंच. म्हणजे मी खरं सांगितलं असतं तर उलट तुमच्या कागदाला जोरच आला असता. जिला हा रस्ता तळहातासारखा पाठ आहे तिचा पायसुद्धा साठला घाबरला, असं लिहिता आलं असतं तुम्हाला. असं म्हणताय तुम्ही. सहा महिन्यांपूर्वीच.

मग मी सहा महिने उगाच —

नाही. उगाच नाही. आता तुमच्यापुढे आणखी काय लपवू? बोर्डासाठी नव्हतं ते. बोर्ड मी नंतर शोधला. प्लास्टर असताना, दोन महिन्यांनी, पहिला अर्ज लिहिला. त्याच्या आधी दोन महिने कुठला बोर्ड होता? त्याच्या आधी फक्त मी होते. सगळ्यांना शिकवणारी. माझ्याकडचं कुणी नापास होत नाही ती. आणि — हे बोलू नये, पण आता बोलतेच — मला बरं वाटायचं. शेक घेताना. मुलगा जहाजावर, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, कुणीतरी रोज सकाळी आपला हात हातात घेतं. मला वाटायचं, हिला कळलं तर ही घेईल का हातात? तिला वाटतं ती ऋणी आहे माझी. त्या पिशवीच्या उबेत बसून मी चारशे बारा सह्यांचा विचार करायचे आणि म्हणायचे, बघ, किती चांगलं काम करतेस तू.

अहो नाही, रडत नाही मी, ऊन लागतंय डोळ्यावर. काय काढताय? जबाबाचा कागद? इथे लिहून सही करून देऊ? लगेच गेला तर या महिन्याच्या बैठकीत येईल म्हणता. चाळीस होईल म्हणता, बहुतेक. बहुतेक! ... द्या इकडे. पेन द्या. 'मी खाली सही करणार' — डाव्या हातानं अक्षर कोंबडीचे पाय होतात माझं, तुम्हीच लिहा, मी सांगते. लिहा: वळणावर ब्रेक मी दाबला. लागला नाही, दाबला. मी. लिहिलंत? दाखवा. किती लहानसं दिसतं हो कागदावर.

नाही, सही नको. आत्ता नको. अहो, मागे नाही घेत, ऐकून तर घ्या. कागदाला तिच्या आधी कळायला नको. तुम्हाला कळलं तेच चुकलं खरं तर, तुम्ही कोण माझे, रस्त्यावरून आलेला माणूस, आणि ती आतमध्ये दहा पावलांवर आहे, कुकर लावतेय, शिट्टी ऐकली ना मघाशी? सहा महिने मला ती दहा पावलं टाकता आली नाहीत, सगळं गाव फिरले सह्या घेत. उद्या या. कागद घेऊन या, सही देते, दोन देते. आज यंत्र आवरा तुमचं. झाल्या असतील तेवढ्या गाड्या पुरे झाल्या. आवरा म्हणतेय ना!

— अगं, ऐकलंस का? गॅस बारीक कर आणि जरा बाहेर ये. नाही, हात दुखत नाही. पिशवी नको आणूस. नको गं, काही आणू नकोस, नुसती ये. सावकाश ये, उंबऱ्याशी जप. इथे खुर्चीत बस. बस आधी. हे साहेब ना? हे निघालेत. — निघा हो. निघा ना, बघताय काय!